मुरडलेलें पान

जळगांवीं आमच्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला, नांदरुकाचें एक जुनें झाड आहे. तें कोणीं व केव्हां लावलें हें गल्लींतील कोणासच सांगतां येत नाहीं. परंतु त्याच्या सावलींत भाजीवालीची पाटी उतरते, रिक्षावाले दुपारची वेळ काढतात आणि शाळा सुटल्यावर मुलें तेथेंच घुटमळतात. गतवर्षीं फाल्गुन उतरतां उतरतां या झाडाच्या शेंड्यांवरील कोंवळीं पानें मिटूं लागलीं. मधल्या शिरेवर दुमडून त्यांच्या दोन्ही कडा एकमेकींस भिडल्या, आणि पंधरा दिवसांत निम्मे शेंडे हिरव्या शेंगा लोंबाव्या तसे दिसूं लागले. गल्लींत चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, मुळांशीं गटाराचें पाणी मुरलें; कोणी म्हणाले, विजेच्या तारांची धग लागली. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं निकालच दिला कीं झाड संपलें, आतां पाडलेलें बरें, नाहीं तर वळवाच्या वाऱ्यांत कोणाच्या तरी अंगावर यावयाचें. अर्ज लिहिला गेला, सह्या गोळा होऊं लागल्या, आणि तो कागद आमच्याकडे आला तेव्हां आम्हीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या दोन दिवसांत आम्हीं एवढेंच केलें कीं एक मिटलेलें पान तोडून तें उलगडलें. आंत काय निघालें तें पुढें सांगूंच. परंतु तें पाहिल्यावर असा प्रश्न मनांत आला कीं, वड, पिंपळ, उंबर यांच्या छायेंत ज्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झाली, त्या समाजानें या कुळाच्या मुरडलेल्या पानाचा अर्थ आजवर कसकसा लाविला असेल? त्यानिमित्तानें जें वाचलें व विचारलें, तें वाचकांपुढें ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

वड, पिंपळ, उंबर, पायर आणि नांदरूक हीं एकाच घरचीं भावंडें. वनस्पतिशास्त्रांत या घराचें नांव फायकस. पान तोडलें कीं चीक, फांदीवर फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्या, आणि फुलें त्या गोळीच्या पोटांत दडलेलीं, अशी यांची ओळख. म्हणूनच क्वचित् भेटणाऱ्या माणसास आपण 'उंबराचें फूल' म्हणतों. खानदेशानें तर या घराण्याचीं नांवें आपल्या गांवांस दिलीं आहेत. साक्री तालुक्यांत पिंपळनेर, पाचोऱ्याकडे पिंपळगांव, चाळीसगांवाकडे उंबरखेड, जळगांव शहराला लागून पिंपराळा. आणि वडगांव तर मोजूं म्हटलें तरी मोजवणार नाहींत. गांवांचीं नांवें हाहि इतिहासाचा पुरावाच होय, हा विचार महाराष्ट्रांत ज्यांनीं आग्रहानें मांडला, त्या वि. का. राजवाड्यांनीं आपला देह ३१ डिसेंबर १९२६ रोजीं याच खानदेशांत, धुळ्यास, ठेवला. पुढच्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. धुळ्याच्या त्या मंडळांत जुन्या कागदांचीं दप्तरें आम्हीं पाहिलीं आहेत. शंभर-दोनशें वर्षें वळकटी होऊन पडलेला मोडींतला कागद उलगडतांना हात जरा कांपतो. आणि उलगडल्याशिवाय त्यांत कर्जाचा करार आहे कीं लग्नाचें आमंत्रण, हें वरून कोणासहि सांगतां येत नाहीं. मराठींत कागदालाहि पान म्हणतात आणि झाडाच्या पानालाहि पानच म्हणतात. दोहोंचें वाचन मात्र आपण सारख्या काळजीनें करीत नाहीं.

आपल्या जुन्या ग्रंथांत वृक्षांच्या रोगांचा विचार नाहीं असें नव्हे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें 'बृहत्संहिते'चा एक अध्यायच वृक्षायुर्वेदास दिला आहे. थंडी, वारा आणि ऊन यांच्यायोगें झाडांस रोग होतात, असें सांगून त्यानें त्याचीं लक्षणें मोजलीं आहेत: पानें पिंवळीं पडणें, कोंवळे अंकुर न वाढणें, फांद्या वाळणें आणि रस पाझरणें. उपाय म्हणून रोगट भाग शस्त्रानें साफ करून त्यावर वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा व दूध मिसळलेलें पाणी घालावें, असें तो म्हणतो. पुढें सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदां'त माणसाप्रमाणेंच झाडांचेहि रोग वात, पित्त व कफ यांच्या प्रकोपांत विभागलेले आहेत. या ग्रंथाची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयांत होती, आणि नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह तो १९९६ सालीं छापून निघाला. दोन्ही ग्रंथकारांची नजर बारीक आहे. झाड हा सजीव आहे व त्यास दुखणें येतें, हें त्यांनीं निःशंकपणें मानलें आहे. पण वराहमिहिराच्या त्या चार लक्षणांत पान मुरडणें नाहीं. पिंवळें पडणें आणि वाळणें ही जीवनशक्ति ओसरत चालल्याची खूण. मुरडणें ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, कारण मुरडलेलें पान बहुधा हिरवेंगार असतें.

हिरवें आणि तरी मुरडलेलें अशा पानाचा अर्थ लोकांनीं लाविला तो कथेंत. वडाचा एक प्रकार असा आहे कीं त्याचें प्रत्येक पान देठाशीं जुळून द्रोणासारखें होतें. त्यास कृष्णवड म्हणतात. बाळकृष्णानें लोणी चोरून वडाच्या पानांत लपविलें, आईची चाहूल लागतांच पानांचे द्रोण वळले, आणि तेव्हांपासून त्या झाडाचीं पानें तशींच उपजूं लागलीं, अशी त्याची गोष्ट घरोघर सांगतात. 'भागवता'च्या बाराव्या स्कंधांत प्रलयाच्या पाण्यावर मार्कंडेयाला जो बालमुकुंद दिसला, तोहि वडाच्या फांदीवर 'पर्णपुटकां'त, म्हणजे पानाच्या द्रोणांतच, निजलेला होता. कवीच्या कल्पनेला मुरडलेल्या पानांत रोग दिसला नाहीं, पाळणा दिसला. ही कल्पना नुसती गोडच नव्हे, तर एका अर्थीं खरीहि होती. १९०१ सालीं स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ कासिमीर द कांदोल यांनीं या वडाला 'फायकस कृष्णी' असें नांव देऊन ती एक स्वतंत्र जाति म्हणून नोंदविली. पुढें ई. जे. एच. कॉर्नर या इंग्रज पंडितानें ती निराळी जाति न मानतां वडाचाच एक प्रकार ठरविला. दोघांच्या मतांत फरक असला तरी एका गोष्टीविषयीं वाद नाहीं: कृष्णवडाची मुरड हा रोग नव्हे. ती त्या झाडाच्या प्रकृतींतच आहे, जसे कोणाचे केस उपजतच कुरळे असावे तसें. फांदी लावून केलेल्या रोपालाहि तसेच द्रोण येतात.

मुरडलेल्या पानाचा एक अर्थ असा लागला: वाण. परंतु आमच्या नांदरुकाला तो लागूं पडेना. कारण त्याचीं जुनीं पानें सपाट होतीं, आणि मुरड होती ती नव्या शेंड्यांवरच. एवढ्यानें झाडाचा स्वभाव निर्दोष सुटत होता आणि संशय बाहेरच्या कोणावर तरी जात होता.

झाडाच्या अंगावरील गांठी, फोड आणि वळ्या बाहेरच्याच कोणामुळें होतात, हें युरोपांतहि लवकर उमगलें नाहीं. सडक्या मांसांतून अळ्या आपोआप उपजत नाहींत, त्या माशीच्या अंड्यांतून होतात, हें ज्या फ्रान्चेस्को रेदीनें १६६८ सालीं प्रयोगानें दाखविलें, तोच रेदी झाडांवरील गांठींतल्या किड्यांपाशीं येऊन अडला. ते किडे झाडाच्या जीवनशक्तींतूनच उत्पन्न होत असावे, असें त्यानें लिहिलें. बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीनें मात्र गांठीमागून गांठी चिरून पाहिल्या, किडा झाडांत अंडें घालतो तेव्हां गांठ वाढते हें डोळ्यांनीं पाहिलें, आणि १६७९ सालीं तें चित्रांसह छापलें. येथें एक गंमत लक्षांत येते. उंबर फोडलें कीं आंत किडे असतात, हें आपल्याकडे लहान मुलालाहि ठाऊक. मग पानाच्या घडींत डोकावण्याचें कां राहिलें? आमच्या मतें कारण साधें आहे: उंबर आपण खातों, पान शेळीपुढें टाकतों. जें तोंडांत घालावयाचें तें माणूस फोडून पाहतो. बाकीचें वरूनच ओळखतो.

आतां आमच्या उलगडलेल्या पानाकडे येऊं. पान उघडतांच आंत सुईच्या टोंकाएवढे काळे, लांबट जीव तुरुतुरु धांवूं लागले. त्यांच्यामध्यें फिकट पिंवळीं पिल्लें होतीं व बारीक पांढरट अंडीं विखुरलेलीं होतीं. पानाच्या आंतल्या बाजूस तांबूस-जांभळे ठिपके पडले होते. शेजारच्या मुलाचें भिंग आणून पाहिलें तेव्हां त्या काळ्या जीवांच्या पंखांना झालर दिसली. आमच्याकडे पाववाटा घेऊन येणारा आसोद्याकडचा एक शेतकरी त्या वेळीं बसला होता, तो हंसून म्हणाला, "अण्णा, हे तर फुलकिडे. आमच्या मिरचीवर रोज बघतों."

इंग्रजींत ज्यांस थ्रिप्स म्हणतात ते हे फुलकिडे. नांदरूक व त्याच्या घरच्या झाडांवर वळ्या पाडणाऱ्या फुलकिड्यांस शास्त्रीय नांव मिळालें तें जावा बेटांत. १९०० सालीं तेथील बॉयटेनझॉर्गच्या, म्हणजे आजच्या बोगोरच्या, वनस्पति-संस्थेंत काम करणाऱ्या त्सिमरमान यांनीं 'गायनॅकोथ्रिप्स' हें कुल स्थापिलें. त्यांतील एका जातीस फुलकिड्यांचा मोठा ग्रंथ १८९५ सालीं लिहिणाऱ्या उझेल या बोहेमियन पंडिताचें नांव दिलें. १९०८ सालीं फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ पॉल मार्शाल यांनीं अल्जीरियांतील रस्त्यांवरच्या झाडांवरून दुसरी जाति वर्णिली. तें झाड म्हणजे आपला नांदरूकच. आशियांतून तो शोभेसाठीं भूमध्य समुद्राच्या कांठीं आणि अमेरिकेंत गेला, आणि त्याच्या पानांच्या घड्यांत बसून त्याचा किडाहि गेला. अमेरिकेंत या किड्याचें नांव पडलें 'क्युबन लॉरेल थ्रिप्स'. झाड मूळचें क्युबाचें नव्हे, आणि तें लॉरेलहि नव्हे! उझेलच्या नांवाची जाति आणि मार्शालची जाति यांत पुढें इतका घोटाळा झाला कीं १९९५ सालीं लॉरेन्स माउंड व त्यांच्या सहकाऱ्यांस तैवानांतील झाडांवर पुन्हां निरीक्षणें करून त्या वेगळ्या कराव्या लागल्या. खुद्द झाडाच्या नांवाचीहि तीच कथा. धाकट्या लिनीयसनें दिलेलें 'मायक्रोकार्पा' हें नांव आज रूढ आहे. परंतु जुन्या पुस्तकांतून नांदरूक 'रेटुसा' किंवा 'निटिडा' या नांवांनींच भेटतो.

पान मिटतें कसें, हें आतां नीट कळलें आहे. मादी पूर्ण वाढलेल्या पानाच्या वाटेस जात नाहीं. कळींतून नुकतें सुटलेलें कोंवळें पान तिला हवें असतें. त्याच्या वरच्या पृष्ठावर ती तोंडानें ओरखडून रस शोषते. जेथें जेथें ओरखडा पडतो तेथील पेशींची वाढ खुंटते, आणि खालची बाजू मात्र वाढत राहते. म्हणून पान वरच्या अंगास मिटतें. घर तयार झालें कीं तींत अंडीं घालावयाचीं, पिल्लें वाढवावयाचीं. ऊन, पाऊस आणि फवारा या तिहींपासून तें घर त्यांचें रक्षण करतें. पण या घरांत शत्रूहि शिरतात. अंडीं व पिल्लें शोषून खाणारे ढेकणाच्या जातीचे बारीक किडे त्याच घडींत सांपडतात. हवाई बेटांत १९६४ सालीं नांदरुकावरील या पिडेसाठीं असाच एक भक्षक किडा फिलिपीन्समधून मुद्दाम नेऊन सोडला होता. जोराचें विष फवारलें तर घडीच्या आंतला फुलकिडा बहुधा वांचतो आणि बाहेर हिंडणारा त्याचा वैरी आधीं मरतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपल्या देशांत मद्रासच्या लॉयोला कॉलेजांत टी. एन. अनंतकृष्णन् यांनीं फुलकिड्यांच्या व त्यांच्या घरांच्या अभ्यासांत आयुष्य वेंचलें. झाडांवरील गांठींचा संसार एम. एस. मणी यांनीं १९६४ सालीं ग्रंथरूपानें मांडला.

परंतु आमच्या मनांत घोळत राहिलें तें आसोद्याच्या त्या शेतकऱ्याचें हंसणें. मिरचीच्या पानांच्या वळ्या होण्यास आपले शेतकरी चुरडा-मुरडा म्हणतात, कोठें बोकड्याहि म्हणतात. मिरचीवरच्या फुलकिड्याचें शास्त्रीय वर्णन कोइमतूरच्या नमुन्यांवरून हूड यांनीं १९१९ सालीं केलें. आज खानदेशांतला जाणता शेतकरी पान नुसतें मुरडलें आहे एवढ्यावर थांबत नाहीं. तें कोणत्या अंगास मुरडलें हें पाहतो. कडा वर वळल्या तर फुलकिडा, खालीं वळल्या तर कोळी. त्यावरून तो औषध ठरवितो, कारण एकाचें औषध दुसऱ्यास चालत नाहीं. ज्याचें वर्षाचें उत्पन्न त्या पानावर लोंबतें आहे, तो तें वाचावयास शिकला. आम्ही शहरवासी सावलींत बसणारे. सावलीचें उत्पन्न कोणत्याहि वहींत जमा होत नाहीं, म्हणून आम्ही निरक्षर राहिलों. याच आसोद्यांत १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींस अक्षरओळख नव्हती. त्यांच्या निधनानंतर, १९५२ सालीं, त्यांच्या कविता छापून निघाल्या, तेव्हां वडाच्या पानाफळांकडे त्यांनीं किती निरखून पाहिलें होतें हें लिहितां-वाचतां येणाऱ्या महाराष्ट्रास कळलें.

मुरडलेल्या पानाचा तिसराहि एक अर्थ आहे, आणि खानदेशांत तो विसरून चालत नाहीं. तो म्हणजे तहान. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां झाड पानें आंत वळवून उन्हापुढें आपलें अंग कमी करतें, म्हणजे पाणी कमी उडतें. ही मुरड सैल असते. ती जुन्या-नव्या सर्वच पानांवर एकदम येते आणि पाणी मिळतांच उलगडते. फुलकिड्याची मुरड घट्ट असते, शेंड्यांपुरती असते, आणि एकदां पडली कीं त्या पानाचें आयुष्य सरेपर्यंत सुटत नाहीं. वाणाची मुरड निर्मळ असते, आणि प्रत्येक पानावर असते. येणेंप्रमाणें एकाच आकाराच्या पोटीं तीन निरनिराळ्या हकीगती आहेत: एक जन्माची, एक पाहुण्यांची, एक पाण्याची. पहिलीस उपाय नको; दुसरीस कात्री आणि थोडा धीर पुरे; तिसरीस मात्र वेळेवर पाणी हवें. या तिहींपैकीं एकीलाहि कुऱ्हाड लागत नाहीं.

हें सांगण्याची निकड आतां वाढली आहे. १८१८ सालीं कॅप्टन ब्रिग्ज यांनीं धुळ्यास ठाणें केलें. पुढें मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून गेला, आणि १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें झालीं. या काळांत रस्त्यांच्या कडेला जीं झाडें लागलीं, त्यांच्या छायेंत आमच्या आजोबांनीं बैलगाड्या सोडल्या. अलीकडे धुळें-जळगांव महामार्ग चौपदरी झाला. रस्त्याची गरज आम्हांस मान्य आहे. पण रुंदी वाढली कीं कडेचीं जुनीं झाडें जातात, आणि त्यांच्या जागीं दुभाजकांत रोपवाटिकेंतली, कातरून गोल केलेली 'फायकस'चीं झुडुपें येतात. तीं याच घरचीं आहेत, आणि सारखी कातरणी झाल्यामुळें त्यांना सारखी कोंवळी पालवी फुटते. फुलकिड्यास तेंच हवें असतें. तेव्हां मुरडलेलें पान पुढील काळांत आपल्याला अधिकच दिसणार. तें दिसलें कीं झाड रोगी ठरवून उपटावयाचें, कीं घटकाभर थांबून उलगडावयाचें, याचा निर्णय प्रत्येक गल्लींत व्हावयाचा आहे. कडेचा जुना वृक्ष पाडण्यास एक दुपार पुरते. त्याच्या जागीं तेवढी सावली पडण्यास दोन पिढ्या लागतात.

आमच्या गल्लीपुरतें काय झालें तें सांगून हा लेख संपवितों. ठरलेल्या दिवशीं आम्हीं अर्जाच्या कागदाबरोबर एका ताटलींत मुरडलेलीं पानें ठेवलीं आणि ज्यांस सही करावयाची होती त्यांच्याकडून एकेक पान उलगडून घेतलें. मुलांना तर तो खेळच झाला. हाताला येणारे बाधलेले शेंडे छाटून जाळले, वरचे तसेच ठेवले, आणि चैत्र-वैशाखांत गल्लींतील घरांनीं पाळीपाळीनें बुंध्याशीं पाणी घातलें. आषाढांत नवी पालवी आली ती बहुतेक सपाट होती. यंदा पुन्हां कांहीं शेंडे मिटले आहेत. पण अर्ज कोणीं लिहिला नाहीं. ज्या वडीलधाऱ्या गृहस्थांनीं झाड संपल्याचा निकाल दिला होता, त्यांनीं आपली सही अद्याप परत घेतलेली नाहीं. उन्हाळाभर आपली मोटार मात्र ते त्याच झाडाखालीं उभी करतात.